कबऱ्याला मारलेल्या हाका

चिंतामणी टेंभेकरनं कबऱ्याला पहिल्यांदा मारलं, तेव्हा कबऱ्या त्याच्याचकडे धावत येत होता.

एकाहत्तरचा ऑक्टोबर होता. चिंतामणी दारूगोळ्याच्या फॅक्टरीत चार्जमन होता, म्हणजे कामगारांच्या वर आणि साहेबांच्या खाली, दोन्हीकडून ऐकून घेणारा माणूस. लढाई होणार हे पेपरवाल्यांच्या आधी फॅक्टरीतल्या लोकांना कळलं होतं. रविवारच्या सुट्ट्या बंद झाल्या, ओव्हरटाइम सुरू झाला. सकाळी सातला कांचघर मोहल्ल्यातल्या घरून सायकल काढायची आणि अंधार पडल्यावर परतायचं, असं दीड महिना चाललं होतं. त्या दिवशी माल तपासायच्या एका मापकाची कड झिजल्याचं चिंतामणीच्याच लक्षात आलं. म्हणजे सकाळपासून पास झालेला सगळा माल पुन्हा तपासायला हवा. त्यानं स्वतः जाऊन साहेबांना सांगितलं. साहेबांनी पन्नास माणसांसमोर त्याची अशी काही खरडपट्टी काढली की मशीनवरची पोरंसुद्धा खाली मान घालून उभी राहिली. "टेंभेकर, नौकरी करनी है कि नहीं?" चिंतामणी "जी साहब" म्हणाला आणि माल पुन्हा तपासायला बसला.

घरी आला तर फाटक उघडं आणि कबऱ्या बाहेर, समोरच्या श्यामसुंदर तिवारींच्या कुंपणापाशी काहीतरी हुंगत उभा. चिंतामणीनं हाक मारली. कबऱ्यानं कान हलवला, पण कुंपणातलं नाक काढलं नाही. दुसरी हाक मारली. तिसरी हाक ओरडूनच मारली, तेव्हा कबऱ्यानं मान वर केली, ओळखलं आणि शेपटीबरोबर सगळी पाठ हलवत तो धावत आला. चिंतामणीनं पायातली चप्पल काढली आणि चार-पाच तडाखे दिले.

विनता, त्याची बायको, पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली. "अहो, तो येत होता नं!"

"तीन हाका मारल्या तेव्हा आला."

"पण आला नं?"

चिंतामणी तिच्यावरही ओरडला. मग हातपाय धुवायला गेला. पाण्याखाली हात धरल्यावर त्याला एकदम हलकं वाटलं. दिवसभर छातीवर बसलेलं काहीतरी उतरलं होतं. पुढे त्याला मारल्यापेक्षा त्या हलकेपणाची जास्त लाज वाटायची.

कुत्रा त्याचा नव्हताच. धाकट्या भावाचा, रत्नाकरचा. रत्नाकर फौजेत सिग्नलच्या, म्हणजे संदेशवहनाच्या, तुकडीत होता. दोन वर्षांपूर्वी सुट्टीवर आला तेव्हा रेल्वेच्या रुळांजवळ त्याला हे ठिपक्यांचं पिल्लू सापडलं होतं. महिनाभराच्या सुट्टीत त्यानं त्याला एवढंच शिकवलं : दोन टाळ्या वाजवायच्या, "ये रे" म्हणायचं, आणि पिल्लू आलं की पोळीचा तुकडा द्यायचा, पाठ खाजवायची. कधी नुसतंच कौतुक. जाताना तो म्हणाला होता, "दादा, याला सांभाळशील नं?" चिंतामणी म्हणाला, "तुला सांभाळलं, हा तर कुत्रा आहे." वडील गेले तेव्हा रत्नाकर सहा वर्षांचा आणि चिंतामणी वीसचा होता. त्यानंच भावाला वाढवलं, शिकवलं. हे वाक्य म्हणायचा त्याला हक्क होता असं त्याला वाटत असे.

पहिल्या मारानंतर दुसऱ्याला फारसं निमित्त लागलं नाही. फॅक्टरीतून यायचं, फाटकातून हाक मारायची. कबऱ्या पटकन आला नाही की, मग आल्यावर, चप्पल. चिंतामणी स्वतःला सांगायचा की आपण याला शिस्त लावून राहिलो. चार दिवसांत कबऱ्या हाकेला थबकायला लागला. आठ दिवसांत पोट जमिनीला लावून, अर्ध्यावर येऊन थांबायला लागला. दिवाळीपर्यंत तर हाक ऐकली की मोरीच्या मागे जाऊन बसायचा.

"माजला आहे," चिंतामणी म्हणायचा.

"घाबरला आहे," विनता म्हणायची.

"घाबरायला मी काय वाघ आहे?"

ती आत निघून जायची.

असं नाही की त्याला वाईट वाटत नसे. दुपारची पाळी असलेल्या एका सकाळी त्यानं मुद्दाम खव्याची जिलेबी आणली आणि अंगणात बसून कबऱ्याला दाखवली. कबऱ्या बराच वेळ लांब उभा राहिला. मग वासानं हळूहळू आला, मान लांब करून जिलेबी तोंडात धरली. त्याच क्षणी चिंतामणीनं त्याचा पट्टा पकडला. मारायला नाही, लाड करायलाच. पण पट्टा पकडल्यावर कबऱ्यानं जिलेबी टाकून दिली आणि डोळे मिटून उभा राहिला. कापत. चिंतामणीनं पट्टा सोडला, तसा तो मोरीकडे पळाला. जिलेबी मुंग्यांनी खाल्ली. चिंतामणीला त्याचाही राग आला. एवढं आपण आणलं आणि याला किंमत नाही.

रत्नाकरचं पत्र महिन्यातून एकदा यायचं. प्रत्येक पत्रात शेवटी एक ओळ : कबऱ्या कसा आहे? चिंतामणी लिहायचा, कबऱ्या मजेत.

तीन डिसेंबरला लढाई सुरू झाली. खिडक्यांच्या काचांना काळे कागद लागले, भोंगे वाजायला लागले. रत्नाकरची तुकडी पूर्वेच्या सीमेवर होती एवढंच माहीत होतं; पत्रं बंद झाली. फॅक्टरीत साहेब दिवसातून दोनदा सेक्शनमध्ये फेरी मारायचे आणि "टेंभेकर!" अशी हाक आली की चिंतामणी जागच्या जागी थबकायचा. मापकाच्या त्या दिवसानंतर तो साहेबांच्या केबिनवरून जाणंच टाळायचा, लांबच्या दारानं जायचा. आपण हे करून राहिलो हे त्याला दिसत होतं. का करून राहिलो याचा विचार मात्र त्यानं कधी केला नाही.

नऊ तारखेला त्याची दुपारची पाळी होती. सकाळी दहाच्या सुमारास फौजेच्या गाड्या स्टेशनकडे निघाल्याची बातमी आली आणि सगळं कांचघर रस्त्यावर आलं. बायका जवानांच्या हातात फुलं देत होत्या, पोरं ओरडत होती. गाड्या हळूहळू, एकामागोमाग एक जात होत्या. चिंतामणी फाटकाबाहेर तिवारींच्या शेजारी उभा होता. आपल्या हातून गेलेली पेटी यातल्या एखाद्या गाडीत असेल, असा विचार मनात येऊन त्याला अभिमानही वाटत होता आणि भीतीही.

तिवारी म्हणाले, "टेंभेकरजी, वो आपका कुत्ता है न?"

गर्दीच्या गडबडीत दोरी सुटली असणार. कबऱ्या रस्त्याच्या पलीकडे, चहाच्या टपरीच्या फळीखाली बसला होता. नीट बसला होता, हे चिंतामणीनं नंतर स्वतःला हजारदा सांगितलं. गाड्यांपासून दोन हात लांब, भिंतीला टेकून. गाड्या जाईपर्यंत तो तसाच बसून राहिला असता.

पण तिवारी बघत होते, आणखी चार लोक बघत होते. फॅक्टरीतल्या चार्जमनचा कुत्रा मोकाट फिरतो हे बरं दिसत नव्हतं. चिंतामणी पूर्ण आवाजात ओरडला, "कबऱ्या! इकडे ये!"

कबऱ्यानं त्याच्याकडे पाहिलं. एकदाच. शेपूट पायात गेली. आणि तो उठून पळाला, हाकेपासून लांब, जिकडे वाट मिळेल तिकडे. टपरीच्या एका बाजूला भिंत होती, दुसऱ्या बाजूला माणसं. मोकळा होता तो फक्त रस्ता.

गाडी हळू होती म्हणून वाचला. मागचं चाक उजव्या पायावरून गेलं. तो आवाज कुत्र्याच्या तोंडून येऊ शकतो असं तिथल्या कुणाला वाटलं नसतं.

गाडी थांबली. चालवणारा जवान उडी मारून उतरला. वीस-बावीस वर्षांचा असेल, मिसरूडही नीट फुटलेली नव्हती. कबऱ्याजवळ गुडघ्यावर बसला आणि वर बघून विचारलं, "किसका है?"

"इनका," तिवारींनी दाखवलं.

जवान चिंतामणीसमोर येऊन उभा राहिला. "साहब, अचानक आ गया। मैंने ब्रेक लगाया था, साहब। मेरी गलती है। माफ कर दीजिए।"

सगळे चिंतामणीकडे पाहत होते. त्याला ठाऊक होतं काय झालं ते. तिथल्या कुणालाही ठाऊक नव्हतं, फक्त त्याला आणि कबऱ्याला. आणि तो म्हणाला, "देखके चलाया करो।"

जवानानं मान खाली घातली. मागून हॉर्न वाजायला लागले. एका हवालदारानं हाक मारली, तसा तो पळत गेला, पण चढण्याआधी त्यानं खिशातला स्वच्छ रुमाल काढला आणि परत येऊन चिंतामणीच्या हातात दिला. "बाँध दीजिएगा।" गाडी गेली. कुठल्या पलटणीची, पोराचं नाव काय, काही कळलं नाही. तो लढाईवर गेला, आपल्या हातून कुणाचं तरी जनावर चिरडलं असं मनात घेऊन.

सायकलरिक्षात पोत्यावर घालून चिंतामणी आणि विनतानं कबऱ्याला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. रस्ताभर कबऱ्याचं डोकं तिच्या मांडीवर होतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी पाय बसवला, प्लास्टर घातलं. पट्ट्या बांधायचं काम गुणवंत राऊत नावाच्या ड्रेसरकडे होतं. भंडाऱ्याकडचा माणूस, पन्नाशीला टेकलेला, हाताची बोटं जाड पण काम अगदी हलकं. तो पट्टी बांधत असताना चिंतामणीनं घाम पुसायला हात वर केला. कबऱ्यानं डोळे घट्ट मिटले आणि मान आत ओढली.

गुणवंतचे हात थांबले. "याले घरी कोन मारते?"

"कुणी नाही," चिंतामणी म्हणाला. "गाडीखाली आला."

विनतानं त्याच्याकडे पाहिलं. लग्नाला चौदा वर्षं झाली होती. असं तिनं कधी पाहिलं नव्हतं. त्या नजरेत राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"अच्छा," गुणवंत म्हणाला आणि पट्टी बांधत राहिला.

दर तीन-चार दिवसांनी पट्टी बदलायची होती. दुसऱ्या वेळी विनता घेऊन गेली. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "आज तुम्ही जा," आणि आत निघून गेली. सोळा तारखेची सकाळ होती ती. रिक्षात कबऱ्या त्याच्यापासून जमेल तेवढा लांब, कडेला अंग चोरून बसला होता. दवाखान्यात गुणवंत म्हणाला, "धरा जरा याले." चिंतामणीनं दोन्ही हातांनी धरलं आणि कबऱ्या तिथेच, टेबलावर, मुतला. चिंतामणीच्या शर्टाच्या बाह्या भिजल्या. फरशीवर थेंब पडत राहिले.

"मी मारतो याला," चिंतामणी म्हणाला. "बोलावून मारतो. हाक मारली म्हणून हा गाडीखाली गेला."

गुणवंतनं फडकं घेऊन टेबल पुसलं. "माहीत आहे मले," तो म्हणाला. "पहिल्या दिवशीच माहीत झालं. तुमी बोलायची वाट पाहून राहिलो होतो."

काम झाल्यावर दोघं बाहेर ओट्यावर बसले. कबऱ्या मध्ये पोत्यावर. गुणवंतनं बिडी काढली, पण पेटवली नाही.

"मी ब्रह्मदेशात होतो, चव्वेचाळीस साली. खेचरांच्या कंपनीत. माह्या खेचरीचं नाव मैना. लई गुणाची. एक दिवस वढ्यात पाय टाकायले तयार नाही. वरून सुभेदार शिव्या देऊन राहिला, पोटात अन्न नाही, कुठून गोळी येईल पत्ता नाही. मी काठी घेतली अन् मारलं. गेली वढ्यातून. मले वाटलं, चला, ठीक झालं. दुसऱ्या दिवशी डोंगराची वाट, एवढीशी." त्यानं हातानं रुंदी दाखवली. "बोज्याचा पट्टा ढिला झाला म्हून मी कसायले हात उचलला. तिले काय माहीत कसायले उचलला का मारायले? सरकली ना बाजूले. खाली दोनशे हात खाई."

त्यानं न पेटवलेली बिडी कानामागे खोचली.

"सुभेदार म्हने, खेचर घसरलं. कागदावरबी तेच लिहिलं. मी काही बोललो नाही."

चिंतामणीला वाटलं, हा माणूस आपल्याला धीर देईल, होतं असं कधीकधी, म्हणेल. गुणवंत तसं काही म्हणाला नाही. "कबऱ्या जिता आहे. तुमचं नशीब," एवढंच म्हणाला.

"आता काय करू?"

"पहिले तर महिनाभर याले बोलावू नका. बिलकूल नाही. तो 'ये' आता मेला समजा, तो शब्द पुन्हा वापरू नका. घरी गेल्यावर याच्यापासून दूर जमिनीवर बसा, तोंड दुसरीकडे करून. हातात पोळी ठेवा, पन दाखवू नका. येईल तवा येईल. आला तं पकडू नका. नाही आला तं उठून जा, रागवू नका."

"राग नाही करणार."

"तुमी म्हनता. पन राग तुमच्या हातात नाही, छातीत आहे. कुत्र्याले तुमचे बोल नाही समजत, तुमचा श्वास समजते. फॅक्टरीतून आले का घरात जाऊच नका. बाहेर बसा. श्वास बसला का मग जा. नाही बसला तं त्या दिवशी याच्याकडे जाऊच नका. मागच्या दारानं जा, जेवा, झोपा. शिकायचं याले नाही, साहेब. याले सगळं येते. रत्नाकर का कोन, तुमच्या बाईनं सांगितलं मले, त्यानं शिकवलं आहे चांगलं. शिकायचं तुमाले आहे."

त्याच दिवशी संध्याकाळी पूर्वेची लढाई संपल्याची बातमी आली. फॅक्टरीत पेढे वाटले, साहेबांनी चिंतामणीच्या पाठीवर थाप मारली. थाप पडली तेव्हा तो दचकला. साहेब हसले. चिंतामणीही हसला, आणि मग तोंड धुवायच्या निमित्तानं नळावर जाऊन बराच वेळ उभा राहिला.

गुणवंतनं सांगितलं तसं चिंतामणीनं करायला सुरुवात केली. घराच्या अलीकडे नाल्यावर एक पुलिया होती. तिच्या कठड्यावर तो सायकल टेकवून बसायचा. मनगटावर बोट ठेवून नाडी मोजायचा. तिवारींनी विचारलं, "तबियत ठीक है न?" तो म्हणाला, "थक जाता हूँ।" मग घरी जाऊन ओसरीच्या कडेला जमिनीवर बसायचा, पाठ वळवून. विनता आतून पाहायची. पहिले अकरा दिवस कबऱ्या प्लास्टरचा पाय पसरून मोरीजवळ पडून राहिला, हलला नाही.

बाराव्या दिवशी मागून नखांचा आवाज आला, टक टक, एक पाय ओढत. चिंतामणीच्या हातातला तुकडा कुणीतरी अगदी ओठांनी उचलला आणि आवाज परत गेला. तो वळला नाही. त्याचे डोळे भरून आले होते, आणि कौतुक वाटावं असं आपण काही केलेलं नाही हेही त्याला कळत होतं.

गुणवंतनं नवी हाक सुचवली होती, जीभ टाळूला लावून टक् असा आवाज. आला की तुकडा, नाही आला तर काही नाही. जानेवारीअखेर कबऱ्या दहातून चार-पाच वेळा यायला लागला. एका संध्याकाळी चिंतामणी पुलियावर नेहमीसारखा बसला, उठला, श्वास बसला असं त्याला वाटलं. अंगणात येऊन त्यानं टक् केलं. कबऱ्या आला नाही. पुन्हा केलं. कबऱ्या दुसरीकडेच बघत होता. तिसऱ्यांदा करताना चिंतामणीला जाणवलं की आपण वाकलो आहोत आणि आपला हात पायाकडे गेला आहे. चपलेकडे.

तो तसाच वाकलेला राहिला. एवढ्या दिवसांचं बसणं, नाडी मोजणं, सगळं वरवरचं होतं. आत तोच माणूस होता, हात वाट पाहत होता. त्यानं दोन्ही चपला काढल्या, फाटकाबाहेर ठेवल्या आणि अनवाणी आत गेला. विनताला म्हणाला, "आज मी त्याच्याकडे जाणार नाही." तिनं विचारलं, "काय झालं?" त्यानं सांगितलं. हात गेला हेही सांगितलं. चौदा वर्षांत असं काही तिला सांगायची त्याची ही पहिली वेळ. ती म्हणाली, "चपला बाहेरच राहू द्या मग." त्या दिवसापासून त्याच्या चपला फाटकाबाहेर राहिल्या. दोनदा चोरीला गेल्या.

रत्नाकरचं कार्ड डिसेंबरच्या शेवटीच आलं होतं. सुखरूप आहे. कबऱ्या कसा आहे? चिंतामणीनं चार पत्रं लिहून फाडली. पाचवं टाकलं : कबऱ्याला गाडीचा धक्का लागला, पाय मोडला होता, आता बरा आहे. यात खोटं एकही अक्षर नव्हतं. पेटीत पत्र टाकताना त्याला तेच सगळ्यात वाईट वाटलं.

मार्चमध्ये रत्नाकर महिनाभराच्या रजेवर आला. वाळला होता, कानशिलाजवळ एक नवा वण होता. विनतानं ओवाळलं, डोळे पुसले. तो अंगणात गेला, उकिडवा बसला, दोन टाळ्या वाजवल्या. कबऱ्या मोरीजवळून ताडकन उठला. शेपूट, पाठ, सगळं हलायला लागलं, लंगडत निघालाच.

"ये रे!" रत्नाकर म्हणाला.

कबऱ्या जागच्या जागी बसला. पोट जमिनीला, कान मागे. डोळे मिटलेले.

रत्नाकर हसत होता, त्याचं हसू हळूहळू गेलं. "ये रे, कबऱ्या. मी आहे." कबऱ्या मागे मागे सरकत मोरीमागे गेला.

"दादा, याला 'ये' म्हटलं तर हा लपून काहून राहिला?"

विनता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती आत गेली आणि तिनं दार ओढून घेतलं. चिंतामणी ओसरीच्या पायरीवर बसला. मापकापासून सुरुवात करावी असं त्याच्या मनात आलं, साहेब, ओव्हरटाइम, लढाई, तुझी काळजी. हे सगळं खरं होतं. पण त्यानं ते सांगितलं नाही. "मी याला बोलावून मारायचो," तो म्हणाला. "चपलेनं. दोन महिने. त्या दिवशी तो सुरक्षित बसला होता. मी 'ये' म्हटलं म्हणून पळाला आणि गाडीखाली गेला. गाडीवाल्या पोरानं माझी माफी मागितली आणि मी मागू दिली."

रत्नाकर अंगणातली माती एका काडीनं उकरत होता. मग न बघताच बोलला. आवाजात चीड नव्हती.

"मी पण यायचो नाही, आठवते? शाळेतून आलो की गल्लीच्या तोंडाशी उभा राहायचो. तुझी सायकल लागलेली दिसली की शेजारच्या बापूंच्या पिठाच्या गिरणीत जाऊन बसायचो. तू हाका मारायचास. बापू म्हणायचे, जा रे, भाऊ बोलावतो. मी म्हणायचो, थोड्या वेळानं जातो."

चिंतामणीला आठवत होतं. त्या हाका आठवत होत्या. पोरगं उशिरा यायचं हे आठवत होतं, आणि मग उशीर का केला म्हणून कमरेचा पट्टा. बाप नसलेलं पोर हाताबाहेर जाऊ नये म्हणून, असं तो तेव्हा सगळ्यांना सांगत असे. लोक म्हणत, चिंतामणीनं भावासाठी काय नाही केलं.

"पासष्टला फौजेत गेलो," रत्नाकर म्हणाला, "तर सगळे म्हणाले, देशासाठी गेला. तू पण म्हणालास. मला बरं वाटलं. दुसरं काही सांगावं लागलं नाही."

कबऱ्याच्या बाबतीत जीभ टाळूला लावून टक् करता येत होतं, पाठ वळवून बसता येत होतं. पंचवीस वर्षांच्या माणसासमोर काय करायचं हे गुणवंतनं सांगितलं नव्हतं.

सुट्टीभर रत्नाकर नीट वागला. भाजी आणून दिली, विनताशी गप्पा मारल्या, चिंतामणीशीही बोलला, हवापाण्याचं, पेन्शनीचं. कबऱ्याची नवी हाक त्यानं दोन दिवसांत शिकून घेतली. कबऱ्या त्याच्याकडे दहातून दहा वेळा जायचा. चिंतामणीकडे सहा-सात. पाय थोडा आखूडच राहिला होता.

रजेच्या शेवटच्या दिवशी दोघं भाऊ कबऱ्याला घेऊन फिरायला निघाले. रेल्वेच्या बाजूच्या कच्च्या वाटेनं, उन्हं कलल्यावर. दोरी रत्नाकरच्या हातात होती. चिंतामणी मनात वाक्य जुळवत होता, महिनाभर जुळवत होता, आणि प्रत्येक वेळी त्यात "पण" यायचा. पण मी एकटा होतो. पण माझंही वय वीसच होतं. एका शिरीषाच्या झाडाखाली कबऱ्या हुंगायला थांबला, म्हणून तेही थांबले.

"रत्नाकर," चिंतामणी म्हणाला, "माझं चुकलं. तुझ्या बाबतीत."

रत्नाकरनं त्याच्याकडे पाहिलं. बाकी काही असतं तर चिंतामणीनं ते झेललं असतं, रागावणं, रडणं, "जाऊ दे दादा" म्हणणं.

"हो," रत्नाकर म्हणाला.

मालगाडी आली, तिच्या आवाजानं कबऱ्या बावरला. रत्नाकर खाली बसून त्याला थोपटू लागला. चिंतामणी दोन पावलं मागे, तसाच उभा राहिला. डबे संपेपर्यंत कुणाला बोलता आलं नसतं, आणि डबे पुष्कळ होते. गाडी गेल्यावर रत्नाकर उठला, त्यानं दोरी क्षणभर हातात तोलली आणि चिंतामणीपुढे धरली.

चिंतामणीनं ती सैल धरली. वाटेत कबऱ्यानं एकदाही ती ताणली नाही.